आडवं वल्हं

कप्तानांनी मला डबल बोट दाखवली तेव्हाच माझं डोकं सणकलं.

"पुढच्या सीटवर बस," ते म्हणाले. "मागे मी आहेच. तू आपली पक्षी बघ, फोटो काढ. वल्हं मारलंस तर मारलंस, नाहीतर नाही."

"माझी हिरवी कुठाय?"

"अगं, बाळंतपणाला वर्षसुद्धा झालं नाही. अंगात ताकद तरी..."

"कप्तान, नऊ किलोचं बाळ एका हातावर घेऊन मी दुसऱ्या हाताने कुकर धुते. ताकदीचं बोलू नका. हिरवी कुठाय?"

दाढी फिसकन हसला. दाढी म्हणजे आमच्या कयाक क्लबातला प्लंबर. आठवडाभर लोकांच्या सिंकखाली उताणा पडलेला असतो, म्हणून रविवारी त्याला ताठ बसायला आवडतं. "द्या हो तिची तिला," तो म्हणाला. "नाहीतर तुम्हालाच कुकरात घालेल."

कप्तान काही जहाजावरचे नव्हेत. त्यांची ड्रायव्हिंगची शाळा आहे. शिकाऊ गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, आणि डबल बोटीत मागच्या सीटवर बसायचा त्यांचा हट्ट त्यातूनच आला असावा असं मला नेहमी वाटतं. माणूस वाईट नाही. फक्त दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग बघवत नाही.

हिरवी शेडमध्ये अगदी खालच्या फळीवर, तोंड भिंतीकडे करून पडली होती. आत कोळ्याने संसार मांडला होता. मधल्या काळात कोणी लंबूटांग्या तिच्यात बसत असणार, कारण पाय टेकवायच्या खुंट्या पार टोकाला सरकवल्या होत्या. मी जमिनीवर पालथी पडले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि मिठाने घट्ट बसलेली एकेक खुंटी ओढून माझ्या मापाला आणली. बोटांची साल निघाली. पण आत बसून पाय टेकवले तेव्हा गुडघे बरोबर जिथे टेकायला हवेत तिथे टेकले, आणि कितीतरी दिवसांनी मला माझ्या शरीराची सगळी टोकं कुठे आहेत ते कळलं.

सकाळी घरून निघताना हे इतकं सोपं नव्हतं.

ढब्बू माझी मुलगी. मी चप्पल घालताना ती बापाच्या कडेवरून माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मी तिला न विचारता घर विकायला निघाले आहे. तिच्या हनुवटीवर लाळ, मुठीत माझ्या केसांचा एक रबर. मी दूध काढून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. पण बाटली ती घेत नाही. बाटलीचं निपल तोंडाला लावलं की ती अपमान झाल्यासारखी मान फिरवते.

"बाटली नाही तर चमचा," नवरा म्हणाला. "चमचा नाही तर वाटी. तू जा. मी काय पाहुणा आहे का या घरात?"

"दुपारच्या दुधाला येतेच मी."

"ये. पण घड्याळ बघत वल्हवू नकोस, आपटशील कुठेतरी."

सासूबाई ओट्याशी होत्या. माझ्याकडे पाठ. तशाच म्हणाल्या, "कसं सोडवतं गं तुला?"

आवाज मऊ होता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलटून बोलता आलं असतं. हा प्रश्न असा होता की त्यात उत्तराला जागाच ठेवलेली नव्हती. मी लाइफ जॅकेट उचललं आणि बाहेर पडले. जिन्याच्या तळाशी पोचेपर्यंत तीन उत्तरं सुचली, पण परत वर कोण जाणार!

तर, समुद्र. आपल्याकडचा कोमट नव्हे, या थंड परदेशातला.

चार बोटी होत्या. कप्तानांच्या डबलमध्ये पुढे दुर्बीणताई बसल्या. त्या औषधांच्या दुकानात काम करतात आणि गळ्यात चोवीस तास दुर्बीण असते. गिऱ्हाइकाची चिठ्ठीसुद्धा त्या दुर्बिणीतून वाचतात असं दाढी सांगतो. दुसऱ्या डबलमध्ये नुकतं लग्न झालेलं जोडपं होतं, दोघं दोन दिशांना वल्ही मारत होती आणि एकमेकांना सॉरी म्हणत होती. दाढी एकटा. आणि मी एकटी, हिरवीत.

पाण्यात उतरण्याआधी कप्तानांनी नेहमीचा पाठ म्हणून दाखवला. "वल्हं उभं धरलं म्हणजे माझ्याकडे या. डोक्यावर आडवं धरलं म्हणजे थांबा. कोणीही धरू दे. आज पहिल्यांदा आलेल्याने धरलं तरी सगळे थांबणार. का, कशाला, ते नंतर. ते खाली येईपर्यंत एक बोट पुढे जाणार नाही. माझीसुद्धा नाही."

या नियमामागे एक गोष्ट आहे. पूर्वी एका नवख्या मुलीला पाण्याखालचा खडक दिसला होता. ती ओरडली, पण कप्तान म्हणाले घाबरलीय पोर, आणि पुढे गेले. बोट तळातून फाटली. तेव्हापासून आमच्याकडे ओरडण्यावर कोणी अवलंबून राहत नाही, आणि आडव्या वल्ह्याशी कोणी वाद घालत नाही. क्लबात बाकी सगळ्यावर भांडणं होतात, डबे कोणी पळवले इथपासून. यावर नाही.

सकाळ फार सुंदर होती. किनाऱ्याला धरून कडे, कड्यांच्या पायथ्याशी हिरवं पाणी. एका खडकावर पाणकावळे पंख पसरून उभे होते, धुतलेले शर्ट वाळत घातल्यासारखे. सुरय पक्षी हवेतून दगडासारखे पाण्यात पडत होते आणि चोचीत चांदी घेऊन वर येत होते. दुर्बीणताई एकेकाचं नाव पुकारत होत्या, शाळेत हजेरी घेतात तशी. "पुढे जाळ्याचा तरंगता बोया आहे, काळा," त्यांनी मध्येच सांगितलं. "डावीकडून घ्या." आम्ही शहाण्यासारख्या बोटी डावीकडून घेतल्या. कोळ्यांच्या जाळ्यांपासून लांब राहायचं, हाही क्लबाचा नियम.

खांदे भरून आले होते. दंडातल्या कुठल्यातरी विसरलेल्या जागा दुखत होत्या आणि मला ते आवडत होतं. कितीतरी दिवसांत माझ्या अंगावर कोणी चढलेलं नव्हतं, कोणी मला ओढत नव्हतं. मग लगेच ढब्बूच्या टाळूचा वास आठवला. दोन्ही एकदम. असंच असतं ते, एकाची दुसऱ्याला अडचण होत नाही, लोकांना होते.

तेवढ्यात रडण्याचा आवाज आला.

हुबेहूब बाळाचा. दोन कड्यांच्या मधे गोट्यांची एक चिंचोळी पुळण होती, तिथून येत होता. मला काही कळायच्या आत छातीत कळ आली आणि दूध उतरलं. पान्हा फुटणं म्हणतात ते इतकं बिनडोक असतं. कोणाचं बाळ, कुठलं बाळ, काही विचारत नाही.

"सील!" दुर्बीणताई म्हणाल्या. "पिल्लू आहे. एकटंच."

गोट्यांवर राखाडी, ठिपक्याठिपक्यांचं, मोठ्या उशीएवढं पिल्लू पडलं होतं. डोळे ओले आणि काळे. मान वर करून ते पुन्हा रडलं.

"बिच्चारं!" नवी नवरी म्हणाली. "आई टाकून गेली वाटतं."

"मेली असेल," तिचा नवरा म्हणाला.

"कुठल्या आईला असं सोडवेल?" दुर्बीणताई हळहळल्या. "आणि भरती चढतेय बघा. थोड्या वेळात पुळण पाण्याखाली जाईल."

कप्तानांच्या चेहऱ्यावर निर्णय आला. मला तो चेहरा ठाऊक आहे. "टॉवेल काढा कोणीतरी. गुंडाळून माझ्या बोटीच्या मधल्या खणात ठेवू. प्राण्यांच्या दवाखान्यात नेऊन देतो मी." आणि त्यांनी बोटीचं नाक पुळणीकडे वळवलं.

मला सीलमधलं काही कळत नाही, हे आधीच सांगते. पुस्तकात वाचलेलं नव्हतं, कुठे पाहिलेलं नव्हतं. मला फक्त ते 'सोडवण्या'चं वाक्य कळत होतं. सकाळपासून ते माझ्या घशात अडकलेलं होतं आणि आता ते दुसऱ्या कोणाच्यातरी आईबद्दल, तिच्या पाठीमागे, टॉवेल हातात घेऊन बोललं जात होतं.

मी दोन झटक्यांत हिरवी पुढे घातली, पुळण आणि डबल यांच्या मधे आडवी लावली, आणि वल्हं डोक्यावर आडवं धरलं.

सगळे थांबले. कप्तानांनी तर उलटं वल्हं मारून ब्रेकच लावला.

"काय? खडक आहे?"

"खडक नाही."

"मग?"

"त्याची आई येईल."

"कोणाची?"

"पिल्लाची. खायला गेली असेल. पोटात काही असल्याशिवाय दूध कुठून येणार तिला? ते पिल्लू बघा, टरारून भरलंय. टाकलेलं बाळ असं दिसतं का?"

"अगं, तू काय सीलची डॉक्टर आहेस?"

"नाही."

"मग वल्हं खाली घे."

"नाही घेणार."

दाढी मागून म्हणाला, "कप्तान, आडवं आहे."

"मला दिसतंय रे आडवं आहे!" कप्तान खेकसले. मग माझ्याशी समजुतीच्या सुरात, शिकाऊ मुलांशी बोलतात तसं, "हे बघ. तुझं मन हळवं झालंय सध्या. मी समजू शकतो. पण ते बुडालं तर?"

"मन हळवं असतं तर टॉवेल मीच काढला असता," मी म्हणाले. "तुम्ही उचलून नेलंत आणि ती परत आली, तर तिने काय शोधायचं? ओला गोटा?"

यावर पिल्लू तेवढं रडलं.

शेवटी दुर्बीणताईंनी तोड काढली. पुळणीवर एक काळा दगड होता, पिल्लाच्या थोडा अलीकडे. भरतीचं पाणी त्या दगडाला लागेपर्यंत थांबायचं. आम्ही मागे सरायचं, कड्याच्या सावलीत. पाणी लागलं आणि आई आली नाही, तर कप्तान पिल्लू उचलणार.

"कबूल?" कप्तानांनी विचारलं.

"कबूल," मी म्हणाले आणि वल्हं खाली घेतलं.

आम्ही मागे सरलो. बोटी एकमेकींना टेकवून बसलो. नव्या नवरीने उकडलेली अंडी काढली, पण सोलायला कोणाचं मन होईना. सूर्य कड्याच्या माथ्यावर आला. दुपारच्या दुधाची वेळ आली आणि तशीच पुढे गेली. घरी ढब्बू मान फिरवत असेल. चमचा सांडत असेल. सासूबाई काही बोलत नसतील, त्यांना बोलावं लागतच नाही.

श्वास पुरेना म्हणून मी जॅकेटची चेन खाली ओढली.

"ए, तुझ्या बोटीत पाणी येतंय का?" दाढीने विचारलं. "पुढून सगळी भिजलीस. बघू, झाकणाचं रबरी सील ढिलं झालं असेल."

"पाणी नाही, दूध आहे."

दाढी एकदम आभाळात काहीतरी शोधायला लागला. नव्या नवऱ्याने वल्ह्याचा दांडा फार बारकाईने पाहिला. कप्तानांनी घसा खाकरला. मी चेन वर ओढली नाही. म्हटलं, बघायचंय त्यांनी बघा, नाही बघायचंय त्यांनी पाणकावळे बघा. तासभर मला सीलची आई कशी असते ते सांगत होतात ना? अशी असते. लांब असते आणि भिजते.

"घरी जायला हवं गं तुला," दुर्बीणताई हळूच म्हणाल्या.

"हो. जायला हवं."

"मग?"

"मग काय, ताई. पाणी कुठे लागलंय दगडाला?"

पाणी लागलं. आधी एक लाट दगडाच्या पायाला चाटून गेली, मग दुसरी वळसा घालून पुढे गेली. पिल्लू दोन वेळा अंग घसटत वर सरकलं आणि दमून पडलं. समुद्र रिकामा. पाणकावळे, तो काळा बोया, दूरवर एक पांढरी होडी. बाकी काही नाही.

"चला," कप्तान म्हणाले. आता त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूरही नव्हता, नुसती घाई होती. "टॉवेल द्या."

मी कबूल केलं होतं. सगळ्यांसमोर. मला त्या क्षणी खरंच ठाऊक नव्हतं की मी बरोबर आहे. ती मेलेली असू शकत होती. जाळ्यात अडकलेली असू शकत होती. पिल्लू बुडालं असतं तर त्याचे ते डोळे मला जन्मभर पुरले असते. हे सगळं माहीत असूनही मी वल्हं उचललं आणि पुन्हा डोक्यावर आडवं धरलं.

"हे काय? शब्द दिला होतास तू!"

"दिला होता. परत घेतला."

"असं चालत नाही!"

"ते खाली येईपर्यंत एक बोट पुढे जाणार नाही. तुमचीसुद्धा नाही. सकाळी कोण म्हणालं?"

"तो नियम जिवाच्या धोक्यासाठी आहे!"

"हा पण जीवच आहे. आणि दुसराही एक आहे, जो इथे नाही म्हणून त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलतोय आपण."

कप्तानांनी वल्हं पाण्यात घातलं. एक मारलं. डबलचं नाक माझ्या बोटीच्या कडेला येऊन टेकलं. त्यांची मान लाल झाली होती. मी बाजूला झाले नाही, हात खाली घेतले नाहीत. दंडाला पेटके यायला लागले होते. बोट हलत होती आणि दोन्ही हात वर असल्यामुळे मी कोणत्याही लाटेने उलटले असते.

मग दाढीने आपलं वल्हं उचललं. डोक्यावर, आडवं. त्याच्यामागे नव्या नवरीने उचललं, आणि तिच्या नवऱ्याने "अगं, अगं" म्हणत आपलंही.

कप्तान सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. त्यांच्यापुढे बसलेल्या दुर्बीणताईंचं मात्र आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या दुर्बीण डोळ्यांना लावून मागे समुद्राकडे वळल्या होत्या.

"बोया कुठे गेला?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"काळा बोया. आपण डावीकडून घेतला तो. मघाशी तिथे होता, मग थोडा इकडे होता. मला वाटलं आपणच हललो. आता नाहीये."

मग आमच्या बोटींपासून बरंच लांब, पुळणीच्या पलीकडच्या टोकाला, पाण्यातून तो बोया वर आला. त्याला डोळे होते. मिशा होत्या. त्याने आमच्याकडे पाहिलं. एवढ्या तिरस्काराने माझ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही, सासूबाईंनीही नाही.

"अरे देवा," दुर्बीणताई पुटपुटल्या. सातासमुद्रापलीकडचा पक्षी शेपटीवरून ओळखणारी बाई. "हिला मी बोया म्हटलं."

"सगळा वेळ इथेच होती," दाढी म्हणाला.

"आपण जायची वाट बघत होती," मी म्हणाले. माझा आवाज फुटला, फुटू दिला.

कप्तानांनी उलटं वल्हं मारलं. आम्ही सगळेच मागे गेलो, कड्याच्या वळणापलीकडे, अगदी हळू, वल्ह्याचा थेंबही वाजू न देता. वळणावरून मी मागे पाहिलं. ती गोट्यांवर चढत होती, अवजड, बेढब, पोटावर घसटत, घाईघाईने. पिल्लू तिच्या अंगाखाली तोंड खुपसत होतं. रडणं थांबलं होतं.

परतताना कप्तान आपली बोट माझ्या शेजारी घेऊन आले. मग म्हणाले, "शब्द फिरवलास ते मला आवडलेलं नाही."

"मलाही नाही आवडलं."

"पुन्हा फिरवशील?"

"हो."

ते फसकन हसले, मनाविरुद्ध. "हिरवी वरच्या फळीवर ठेव आज. खाली कोळी होतात."

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. नवऱ्याने दार उघडलं. त्याच्या शर्टावर, केसात, कानात सगळीकडे दूध होतं. "बाटलीला नाही म्हणाली. चमचा फेकला. शेवटी आईने वाटीने पाजलं," तो म्हणाला. "रडली. खूप रडली. खोटं नाही सांगत. पण प्यायली." ढब्बूने मला पाहिलं आणि नव्याने, अगदी पहिल्यापासून रडायला सुरुवात केली. सगळी तक्रार सांगून झाल्यावर ती माझ्या अंगाला चिकटली, मीठ चाटलं, तोंड वाकडं केलं आणि प्यायला लागली. मी तशीच ओल्या कपड्यांत जमिनीवर बसले. तिच्या मानेखालच्या वळीत चिकटलेलं दूध बोटाने पुसत राहिले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. पुन्हा तेच म्हणतील असं वाटलं, म्हणून मीच आधी बोलले.

"आई, सकाळी तुम्ही विचारलंत ना, कसं सोडवतं. नाही सोडवत. तरी जाते. पुढच्या रविवारी पण जाणार आहे."

त्या आत निघून गेल्या.

ढब्बू झोपल्यावर मी जॅकेट गॅलरीत दोरीवर घातलं, तिच्या लंगोटांच्या बरोबर मधे. थोड्या वेळाने पाहिलं तर ते दोरीवरून काढून कठड्यावर टाकलेलं होतं. मी ते उचललं आणि पुन्हा तिथेच, लंगोटांच्या मधे घातलं.

"अगं, तसं नाही," सासूबाई मागून वैतागून म्हणाल्या. "उलटं करून घाल. आतून ओलंच राहील, आणि रविवारपर्यंत वास मारेल."

मी उलटं करून घातलं. मधेच.